डॅशबोर्डात प्लगिनचा गड्डा भरलाय, ऑर्डर सापडेना

गाठोडं | ३ डिसेंबर, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी, सोलापूरहून. (गड्डा म्हणजे आमची संक्रांतीची सिद्धेश्वराची जत्रा.) नवी पेठेत आमच्या शेठचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. मी तिथं स्टॉक बघतो, आणि "तुला कॉम्प्युटरमधलं कळतंय की" एवढ्या एका पात्रतेवर दुकानाची वेबसाइटही माझ्याच गळ्यात पडली. वर्डप्रेस (साइट चालवायची प्रणाली) आहे, त्यावर वूकॉमर्स (ऑनलाइन दुकानाचं प्लगिन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्राम).

रोजच्या ऑर्डरी बघतात आण्णा. वय ६३, घर पूर्व भागात, आधी एका यंत्रमाग कारखान्यात हिशेबाला होते. खातेवहीत त्यांची एक चूक काढून दाखवा, चहा माझ्याकडून. पण डॅशबोर्ड (साइटची आतली, कामाची बाजू) उघडला की माणूस घामाघूम होतो. आज मी मोजलं. लॉगिन केल्यावर वर ११ पट्ट्या: "आम्हाला पाच तारे द्या", "प्रो घ्या", "सवलत आज रात्री संपतेय" (ती गेली दोन वर्षं रोज आज रात्रीच संपतेय). डावीकडच्या मेनूत २९ नावं. दुकानातला मॉनिटर जुना, त्यामुळं वूकॉमर्स दिसायला माऊसचं चाक दोनदा फिरवावं लागतं. आण्णांनी तेच पाठ केलंय: "दोन फिरक्या, मग वूचं चित्र." एखादं प्लगिन अपडेट होऊन मेनूची जागा हलली की फोन येतो.

गेल्या आठवड्यात खरा फटका बसला. लातूरच्या गिऱ्हाइकाची वास्तुशांतीच्या आहेराची ऑर्डर, ८० टॉवेल आणि ४० चादरी. पैसे बँकेत जमा झालेले. ऑर्डर "ऑन होल्ड"वर चार दिवस पडून. आण्णांनी बघितलीच नाही, कारण त्या पट्ट्यांच्या खाली काही असतं हेच त्यांनी मनातून काढून टाकलंय. शेवटी माल गाडीनं स्वतः नेऊन पोचवला. शेठ आण्णांना काही बोलले नाहीत, मला बोलले.

तर प्रश्न असा, की हे सगळं साफ करणारं एखादं चांगलं प्लगिन सांगा. सध्या ३४ चालू आहेत.


सेमीकोलन | ३ डिसेंबर, रात्री ११.१५

३४ जणांची गर्दी कमी करायला पस्तिसावा माणूस आत सोडणार? यादी टाका आधी.


एक_मत_आहे | ४ डिसेंबर, सकाळी ८.०२

वर्डप्रेस सोडा. महिन्याला भाडं भरून तयार ऑनलाइन दुकान मिळतं, डोक्याला ताप नाही.


गाठोडं | ४ डिसेंबर, दुपारी १.३०

@एक_मत_आहे, आमच्या शेठचा गाळा स्वतःचा, गोडाऊन स्वतःचं. भाड्याचं नाव काढलं तर जेवायच्या सुट्टीतच माझा हिशेब करतील.

@सेमीकोलन, यादी घ्या. लाज वाटतेय पण टाकतो. एसईओची (गूगलच्या शोधात साइट वर यावी म्हणून) दोन. कॅशची (पानाची तयार प्रत ठेवून साइट लवकर उघडणारी) दोन. बॅकअपची दोन, त्यातलं एक कधी चाललंय असं आठवत नाही. फॉर्मची दोन. पेज बिल्डर (पानं ओढून मांडायचं) आणि त्याची चार पिल्लं. व्हॉट्सअ‍ॅप बटणाची दोन (साइटवर खरंच दोन बटणं दिसतात, एकावर एक). स्लायडर (सरकत्या चित्रांचं). थीम बसवताना आलेलं डेमो आयात करायचं प्लगिन. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळी ऑफरचं पॉपअप. व्हिजिटर मोजणारं. पानावर बर्फ पाडणारं एक आहे, ते कुणी टाकलं माहीत नाही. सोलापुरात, मे महिन्यात, टॉवेलच्या फोटोवर बर्फ पडत होता मालक.

बाकीची पेमेंट, कुरिअर, जीएसटी बिल वगैरे कामाची आहेत.


सेमीकोलन | ४ डिसेंबर, रात्री ९.५०

बर्फवालं आजच काढा, बाकीचं बोलू.

गर्दी का होते ते आधी समजून घ्या, म्हणजे उपाय कुठं करायचा ते कळेल. डाव्या मेनूत प्रत्येक गोष्टीला एक क्रमांक असतो. डॅशबोर्ड २, पोस्ट ५, मीडिया १०, पेजेस २०, कॉमेंट २५, मग खाली दिसण्याचं ६०, प्लगिन ६५, सेटिंग ८०. प्लगिन लिहिणारा आपला क्रमांक आपणच मागतो, आणि दारावर विचारणारं कुणी नाही. वूकॉमर्स शहाण्यासारखं पंचावन्नच्या आसपास बसतं. पण स्लायडरवाल्यानं ३ मागितला तर तो वरच बसणार. म्हणजे तुमच्या आण्णांचं रोजचं पोट भरणारं काम खाली, आणि वर्षातून एकदा लागणारा स्लायडर वर. प्रत्येक प्लगिनवाल्याची समजूत अशी, की या साइटवर आपण एकटेच आहोत.

पट्ट्यांचंही तेच. पानाच्या माथ्यावर निरोप लावायला वर्डप्रेसनं एक खुंटी दिलीय, त्यावर कुणीही काहीही अडकवतं. फुली मारली की पट्टी जाते, पण ती फक्त त्या वेळेपुरती. "या माणसानं मला बंद केलंय" हे लक्षात ठेवायचं काम प्लगिनवाल्यानं स्वतः करायचं असतं. कित्येक जण करतच नाहीत, काही जण मुद्दाम आठवड्यानं परत उगवतात. वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारात प्लगिन ठेवायला १८ नियम आहेत. त्यातला अकरावा हाच: डॅशबोर्ड बळकावू नका, जाहिराती आवरा, सगळीकडं दिसणारी पट्टी बंद करता आलीच पाहिजे. नियम आहे, पाळतात किती ते तुम्ही आज मोजलंत.

आता एक सांगा. आण्णांचं लॉगिन कुठल्या रोलचं आहे, म्हणजे त्यांना काय काय करायचा अधिकार दिलाय?


गाठोडं | ४ डिसेंबर, रात्री १०.०५

अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. सगळ्यांचंच तेच आहे. शेठच्या मुलाचंही.


सेमीकोलन | ४ डिसेंबर, रात्री १०.०८

मग गल्ल्याची, गोडाऊनची आणि लाइटच्या मीटरची किल्ली एकाच जुडग्यात घालून सगळ्यांना वाटलीय तुम्ही.

वूकॉमर्सचा स्वतःचा "शॉप मॅनेजर" रोल आहे. ऑर्डर, प्रॉडक्ट, कूपन, रिपोर्ट सगळं चालतं. साइटचं सेटिंग बदलायचा अधिकार त्यात नाही, आणि बहुतेक प्लगिनांचे मेनू त्याच अधिकारावर टांगलेले असतात. आण्णांना शॉप मॅनेजर करा, मेनू तिथंच निम्मा होईल. एक रुपया नाही, एक ओळ कोड नाही.


निळी_रेघ | ५ डिसेंबर, सकाळी ११.२०

सेमीकोलन यांचं बरोबर आहे, पण गाठोडं दादा, त्याआधी एक करा. एक दिवस आण्णांच्या मागं खुर्ची टाकून बसा. बोलायचं नाही, दाखवायचं नाही, "अहो तिथं नाही" म्हणून हात पुढं करायचा नाही. फक्त वहीत लिहायचं, की ते काय उघडतात, कुठं अडतात, कुठं चुकून जातात. मी डिझाइनचं काम करते आणि दर वेळी हेच बघते. आवरायला बसतो तो माणूस स्वतःच्या सोयीनं आवरतो. तुम्हाला स्वच्छ वाटलेला डॅशबोर्ड आण्णांना नवीन गाव वाटेल. त्यांच्या त्या दोन फिरक्या कमी झाल्या तरी त्यांना हरवल्यासारखंच होणार, हे धरून चला.


गाठोडं | ७ डिसेंबर, रात्री ९.१५

ताई, बसलो. सकाळी ११ ते १. गप्प राहणं फार अवघड गेलं, मध्ये दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

दोन तासांत ऑर्डरची यादी १९ वेळा उघडली. ऑर्डरची स्थिती ९ वेळा बदलली, तेवढ्याच स्लिपा काढल्या. स्टॉक ६ वेळा. बाकी काहीही नाही. म्हणजे २९ नावांपैकी दोनच लागतात.

चुका: "मार्केटिंग"वर तीनदा गेले, कारण "मार्केट" म्हणजे बाजार, म्हणजे ऑर्डर तिथंच असणार असा त्यांचा सरळ हिशेब. आणि प्रत्येक वेळी ऑर्डर बघून झाली की परत डॅशबोर्डच्या पहिल्या पानावर येतात, मग पुन्हा दोन फिरक्या. विचारलं का, तर म्हणाले, "घरातून निघायचं तर उंबऱ्यावरनंच निघायचं ना."

पहिल्या पानावर मी काय मांडून ठेवलंय? वर्डप्रेसच्या बातम्या, पेज बिल्डरच्या बातम्या, एसईओचा आलेख, आणि "झटपट मसुदा" नावाचा चौकोन, जो आजवर आमच्याकडं एकदाही वापरलेला नाही.


निळी_रेघ | ७ डिसेंबर, रात्री ९.४०

उंबऱ्याचं वाक्य वहीत लिहून ठेवा. मग पहिलं पानच त्यांच्या कामाचं करा. बातम्या काढा, तिथंच आजच्या ऑर्डरी ठेवा.


कडक_भाकरी | ८ डिसेंबर, सकाळी ७.३०

अशोक चौकात माझं गणवेशाचं दुकान आहे, एक अनुभव सांगतो. असंच "क्लीन करून देतो" म्हणत एका पोरानं माझ्या डॅशबोर्डवरच्या सगळ्या पट्ट्या एका झटक्यात गायब केल्या. दिसायला झकास झालं. जून महिना आला, शाळा उघडायच्या तोंडावर पेमेंट अडकायला लागलं. पेमेंटचं प्लगिन तीन महिने ओरडत होतं, की नवी आवृत्ती घ्या, जुनी जोडणी बंद होतेय. ओरडत होतं, पण तोंडाला फडकं बांधलेलं! धंद्याच्या ऐन हंगामात चार दिवस रोख आणि फोनवर काढले.

म्हणून मी तरी सांगेन, पट्ट्या राहू द्या. कटकट परवडली.


सेमीकोलन | ८ डिसेंबर, दुपारी २.१०

@कडक_भाकरी, तुमचा राग बरोबर, निष्कर्ष नाही. ११ पट्ट्या रोज दिसत होत्या तेव्हा गाठोडंच्या दुकानात लातूरची ऑर्डर कुणी पाहिली? रोज ओरडणाऱ्यांत खरी हाक ओळखू येत नाही, तेही फडकंच.

त्या पोराची चूक एवढीच, की त्यानं सगळ्यांसाठी लपवलं. लपवायचं ते आण्णांपुरतं. अ‍ॅडमिनच्या लॉगिनला सगळं दिसलंच पाहिजे: वूकॉमर्सचा डेटाबेस अपडेट करा म्हणणारी पट्टी असते, पेमेंटची असते, पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) जुनं झालं म्हणणारी असते. ते बघायला एक माणूस आणि एक वार ठरवा. आणि ते लॉगिन रोजच्या कामाला वापरू नका.

आणखी एक, नवशिके इथं हमखास घसरतात. मेनूतून नाव काढणं म्हणजे दाराला कुलूप नव्हे, दारावरची पाटी काढणं आहे. पत्ता टाइप केला की पान उघडतं. कुलूप हवं तर रोलचा अधिकारच काढावा लागतो. म्हणून आधी रोल, मग मेनू.


कडक_भाकरी | ८ डिसेंबर, दुपारी २.४५

वार ठरवायचं पटलं. बुधवार. बाकी माझं मत तेच.


रात्रपाळी | ९ डिसेंबर, रात्री १.२०

मी दुसऱ्यांच्या साइटी सांभाळतो, रात्री जागा असतो. लपवण्यावर सगळे बोलताय, काढण्यावर कुणी बोलेना. ३४ मधली १५ तरी जातील असं यादीवरून दिसतंय. माझी पद्धत:

आधी पूर्ण बॅकअप, आणि तो उतरवून दुसऱ्या जागी. मग "हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग" हे प्लगिन टाका. हो, पस्तिसावं, पण काम झालं की काढायचं. त्यात एक सोय अशी, की प्लगिनं फक्त तुमच्या लॉगिनपुरती बंद होतात, गिऱ्हाइकाला साइट जशीच्या तशी दिसते. एकेक बंद करून साइट फिरून बघा. स्लायडर बंद केलात की पानावर चौकटी कंसातला उघडानागडा शॉर्टकोड (स्लायडरच्या जागी लिहिलेली खूण) दिसेल, म्हणजे ते पान आधी दुरुस्त करायचं. एका वेळी एकच प्लगिन. पाच एकदम बंद करून "काहीतरी मोडलं" म्हणणारे मला रात्री फोन करतात.

बंद करणं आणि डिलीट करणं वेगळं. बंद असलेल्या प्लगिनची फाइल सर्व्हरवर असतेच, आणि त्यात भोक असलं तर तेही असतंच. डिलीट केलं तरी बरीच प्लगिनं आपल्या नोंदी डेटाबेसमध्ये मागं सोडून जातात. भाडेकरू गेला तरी माळ्यावर त्याचं सामान. त्यातल्या काही नोंदी प्रत्येक पान उघडताना आपोआप लोड होतात. वर्डप्रेस ६.६ पासून "साइट हेल्थ" या नोंदी ८०० केबीच्या वर गेल्या की सांगतं, तिथं नजर टाका. डॅशबोर्ड हळू का चालतो हे बघायला क्वेरी मॉनिटर हे प्लगिन आहे, कुठलं प्लगिन डेटाबेसकडं किती वेळ खातं ते स्पष्ट दिसतं. तेही काम झालं की बंद.

कॅशची दोन एकत्र? आश्चर्य आहे साइट चालते याचं.


गाठोडं | १५ डिसेंबर, रात्री १०.३०

आठवडाभर रोज रात्री दुकान बंद झाल्यावर एकेक काढलं. ३४ ची २३ झाली. बर्फवालं, डेमोवालं, दिवाळीवालं, पेज बिल्डरची तीन पिल्लं, जोडीजोडीतली एकेक गेली. बॅकअपच्या दोनपैकी जे मला चालतंय असं वाटत होतं तेच बंद पडलेलं निघालं, हे जास्त भीतीदायक.

व्हिजिटर मोजणारं काढलं तर शेठ म्हणाले, "माझा आकडा कुठाय?" परत टाकलं. मालकाचा मान आहे.

आण्णांना शॉप मॅनेजर केलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन: "अरे, वर्डप्रेसची नवी आवृत्ती आलीय, साइट अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला कळवा असं लिहिलंय. हा कोण? नंबर दे त्याचा." म्हटलं आण्णा, तो मीच की. "मग कळवलं," म्हणाले आणि ठेवला फोन.

आता मेनूचा क्रम बदलायचा आहे. प्लगिन न टाकता होईल का?


सेमीकोलन | १६ डिसेंबर, सकाळी १०.००

होईल. प्लगिनच हवं असेल तर अ‍ॅडमिन मेनू एडिटर वर्षानुवर्षं चांगलं चालतंय, ओढून जागा बदलता येते. पण तुमचं काम एका छोट्या फाइलचं आहे. "डब्ल्यूपी-कंटेंट"च्या आत "एमयू-प्लगिन्स" नावाचं फोल्डर करा, त्यात सुटी फाइल ठेवा. आत आणखी फोल्डर करून ठेवली तर ती वाचली जात नाही. तिथली फाइल आपोआप चालते आणि प्लगिनच्या पानावरून कुणाला चुकून बंद करता येत नाही. शेठच्या मुलालाही नाही.

त्यात तीन गोष्टी: मेनूचा क्रम, पहिल्या पानावरचे बातम्यांचे चौकोन काढणं, आणि शॉप मॅनेजरपुरत्या पट्ट्या काढणं. कोड व्यक्तिगत निरोपातून फाइल जोडून पाठवतो. इथं चिकटवला तर अवतरणचिन्हं वाकडी होतात आणि मग अख्खी साइट पांढरी.

पांढरी झालीच तर: एरवी प्लगिन फुटलं की वर्डप्रेस ५.२ पासून रिकव्हरी मोडची मेल येते आणि आत शिरता येतं. एमयू-प्लगिनच्या चुकीला ती सोय वाचवत नाही. होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून फाइलचं नाव बदला, साइट परत येते. हे आधी करून बघा, मग कोड टाका. विहिरीत उतरण्याआधी दोर ओढून बघतात तसं.


गाठोडं | १६ डिसेंबर, रात्री ११.५५

साइट पांढरी झाली. नाव बदललं. परत आली. एक अर्धविराम राहिला होता. तुमचं टोपणनाव आता कळलं.


निळी_रेघ | १७ डिसेंबर, सकाळी ९.१०

भाषा बदलून बघितलीत का? प्रोफाइलमध्ये प्रत्येकाला डॅशबोर्डची भाषा वेगळी ठेवता येते, ४.७ पासून. साइट इंग्रजीत राहू दे, आण्णांपुरतं मराठी.


गाठोडं | १८ डिसेंबर, रात्री ९.००

केलं ताई, आणि दोन तासांत परत फिरवलं. वर्डप्रेस मराठीत झालं, पण कुरिअरचं आणि जीएसटीचं प्लगिन इंग्रजीतच राहिलं, त्यामुळं पान अर्धं असं अर्धं तसं. वर आण्णांना इतक्या दिवसांत "ऑर्डर्स", "प्रोसेसिंग", "कम्प्लीटेड" हे शब्द चित्रासारखे ओळखीचे झालेत. म्हणाले, "घरात तेलुगू, दुकानात मराठी, मशिनीत इंग्लिश. तिघं तिघांच्या जागी बरे आहेत."


रात्रपाळी | १९ डिसेंबर, रात्री १.०५

आण्णांना इथं सदस्य करून घ्या.


गाठोडं | ९ जानेवारी, रात्री १०.२०

उशीर झाला, गड्ड्याची तयारी आणि लग्नसराई एकत्र आली. शेवटची खबर देतो.

आण्णांच्या मेनूत आता पाच नावं आहेत. ऑर्डर सगळ्यात वर. पहिल्या पानावर एकच चौकोन: "ऑन होल्ड" आणि "प्रोसेसिंग"मधल्या ऑर्डरी, जुनी आधी. पट्ट्या शून्य. माझं अ‍ॅडमिनचं लॉगिन वेगळं, ते दर सोमवारी सकाळी उघडतो. या सोमवारी जाहिरातींच्या गर्दीत कुरिअरवाल्याची एक कामाची सूचना सापडली, म्हणजे @कडक_भाकरी यांचं म्हणणं वाया गेलं नाही.

निळी_रेघ ताई म्हणाल्या तसंच झालं. पहिले तीन दिवस आण्णा सवयीनं दोन फिरक्या मारून पानाच्या तळाशी जायचे, आणि तिथं काहीच नाही म्हणून मला हाक मारायचे. चौथ्या दिवशी थांबलं.

आज गंमत झाली. ऑर्डरच्या यादीत गावाचं नाव दिसलं तर ट्रान्सपोर्टप्रमाणं गठ्ठे आधीच लावता येतील, असं ते म्हणाले होते. मी म्हटलं संक्रांतीनंतर बघतो, कोड लागेल. आज दुकानात गेलो तर यादीत गाव, पिनकोड, सगळं दिसतंय. आण्णांनी उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यातलं "स्क्रीन ऑप्शन्स" उघडलं होतं आणि "शिप टू"वर (माल पाठवायचा पत्ता) टिक केली होती. वूकॉमर्समध्ये तो रकाना पहिल्यापासून असतो, फक्त झाकलेला. पाच वर्षं मी त्या कोपऱ्याकडं बघितलं नव्हतं.

विचारलं, आण्णा, हे कुठनं सापडलं? म्हणाले, "पान रिकामं झालं, मग बाकीचं काय काय आहे ते दिसलं की."


सेमीकोलन | ९ जानेवारी, रात्री १०.३१

ती टिक फक्त त्यांच्याच लॉगिनला लागू आहे. तुम्हाला गाव बघायचं असेल तर तुमच्या लॉगिनला स्वतः करा, नाहीतर आण्णांना विचारा कसं करायचं.


कडक_भाकरी | १० जानेवारी, सकाळी ७.१५

आण्णा बुधवारी दुपारी मोकळे असतात का? अशोक चौकात यायचं भाडं आणि चहा माझ्याकडं.